जावयाच्या वाणातला क्लच

जबलपुरात बर्फ दोनच ठिकाणी दिसतो. एक गोळ्याच्या गाडीवर, आणि दुसरा लग्नाच्या मांडवात, पाण्याच्या बाटल्या थंड करायच्या टबात. असं असूनही खोल बर्फात चालणाऱ्या गाडीचा क्लच कसा असावा, यावर दीक्षितपुऱ्यातल्या आमच्या जेवणाच्या टेबलावर जेवढी चर्चा झाली, तेवढी ती गाडी बनवणाऱ्यांनीही केली नसेल. चर्चा म्हणजे आमचे हे बोलायचे आणि बाकीच्यांनी ऐकायचं.

आमचे हे म्हणजे माझे यजमान. मी त्यांना नावाने हाक मारत नाही आणि ते मला कुठल्याच नावाने मारत नाहीत, नुसतं "अगं" म्हणतात. त्यांची सगळी नोकरी इथल्याच एका सरकारी फॅक्टरीत, फौजेच्या ट्रकांचे गिअर आणि क्लच बघण्यात गेली. माझी गेली शाळेत गणित शिकवण्यात. मी रिटायर झाल्यावर झोपा काढल्या, पुस्तकं वाचली, सदर बाजारात जाऊन चाट खाल्ली. यांनी रिटायर झाल्यावर घर दुरुस्त करायला घेतलं. घर बिघडलेलं नव्हतं, पण तो मुद्दा त्यांना पटला नाही. मिक्सरच्या झाकणाला त्यांनी अशी काही लोखंडी पट्टी बसवली की चटणी करायची तर आधी पाना शोधावा लागतो.

जड म्हणजे मजबूत, हा त्यांचा धर्म. आमच्या घरचा पाट मला एकटीला उचलत नाही.

पहिल्या वर्षी फॅक्टरीतल्या त्यांच्या विभागातून, म्हणजे शॉपमधून, फोन यायचे. साहेब, अमुक आवाज येतोय, काय करू? हे जेवण सोडून उठायचे आणि फोनवरूनच आवाज ऐकून सांगायचे. मग फोन कमी झाले, मग बंदच झाले. तरीही हे मोबाइल उशाशी ठेवून, रिंगचा आवाज सगळ्यात मोठा करून झोपायचे. मला त्याचं वाईट वाटायचं, पण तसं म्हटलं असतं तर ते माझ्यावरच खेकसले असते, म्हणून मी काही म्हटलं नाही.

आमच्या एकुलत्या एक मुलीने हिमाचलच्या मुलाशी लग्न केलं. ती तिकडे एका हॉटेलात नोकरीला होती. मुलाची सफरचंदाची छोटी बाग आहे, आणि हिवाळ्यात तो टुरिस्टांना बर्फावरच्या स्कूटरवर बसवून वर डोंगरात फिरवून आणतो. पुढे दोन घसरपट्ट्या, मागे रबराचा रुंद पट्टा, अशी ती गाडी. यांनी ऐकलं आणि म्हणाले, "बर्फावर गाडी चालवून राहिला, हा काय धंदा झाला का? बर्फ वितळला की काय करतो मग?"

"सफरचंद विकतो," मुलगी म्हणाली.

"आणि सफरचंद संपले की?"

"मग बर्फ पडतो, बाबा."

यावर ते रागावले. लग्न झालं, जेवणावळ झाली, आणि नंतरचं वर्षभर सासरे-जावयाचं बोलणं हवामान खात्यासारखं चाललं. वहाँ ठंड है? हाँ पापाजी। यहाँ गर्मी है। अच्छा पापाजी। मग फोन माझ्या हातात.

मग एकदा मुलीने एक व्हिडिओ पाठवला. जावयाची गाडी ताज्या, कमरेएवढ्या बर्फात रुतलेली, इंजिन जिवाच्या आकांताने ओरडतंय आणि गाडी जागची हलत नाही. मुलीने तो गंमत म्हणून पाठवला होता. यांनी चष्मा लावून तो पाहिला. मग परत पाहिला. मग डोळे मिटून नुसता ऐकला. आणि स्वतः फोन लावून, मुलीला नाही, थेट जावयाला विचारलं, "क्लच कौनसा है?"

तो फोन इतका लांबला की माझी भाजी करपली.

क्लच काय असतो हे मला यांनी माझ्या स्कूटीवरून समजावलं. तिला गिअर नाहीत, तरी ती हळू आणि जोरात कशी चालते? तर आत दोन तिरक्या थाळ्या असतात आणि त्यांच्यामध्ये पट्टा. इंजिन फिरलं की आतली छोटी वजनं बाहेर फेकली जातात, थाळ्या एकमेकींकडे ढकलतात, आणि पट्टा दाबला जाऊन वर चढतो. बर्फाच्या गाडीतही हेच, फक्त तगडं. सगळी करामत त्या वजनांची. हलकी असली तर इंजिन नुसतं ओरडतं, जड असली तर पट्टा घट्ट धरला जातो. "याचं इंजिन ओरडून राहिलं, म्हणजे वजनं हलकी आहेत. पकड नाही. वजन वाढवायला पाहिजे," हे म्हणाले. यांचं निदान ऐकून मला काडीचंही आश्चर्य वाटलं नाही.

त्याच वर्षी पावसाळ्यात अधिक महिना आला. लग्नानंतरचा पहिलाच. जावयाला बोलवायचं, तेहतीस अनारसे द्यायचे, दिवा द्यायचा, पाया पडायचं. जावई म्हणजे या महिन्यात साक्षात नारायण. ज्या मुलाच्या धंद्याला यांनी वर्षभर नावं ठेवली, त्याच्या पाया पडायची पाळी यांच्यावर येणार, हे पाहायला मी अनारशांचं पीठ अंमळ जास्तच उत्साहाने मळलं.

पण यांनी डोकं चालवलं. जावयाला म्हणाले, येताय तर गाडीही पाठवा. आणि त्या भल्या मुलाने खरंच पाठवली. सफरचंदाचा पहिला ट्रक जबलपूरच्या मंडीत येत होता, त्यात पेट्यांच्या बाजूला ती गाडी ताडपत्रीत गुंडाळून आली. आमच्या गल्लीत ती शिरणं शक्यच नव्हतं. ती उतरवली बरगीच्या रस्त्यावर, यांच्या एका मित्राच्या धानाच्या गिरणीत. गिरणीमागे भुशाचा ढीग होता, चांगला दुमजली घराएवढा. हे ढिगाकडे बघून म्हणाले, "हा घ्या बर्फ."

आधी यांनी नवी वजनं घडवली. ओळखीच्या लेथवाल्याकडे स्वतः उभं राहून, स्वतःच्या हाताने. जुन्यापेक्षा चांगली जाड. माझ्या अनारशांसाठी ठेवलेल्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर ती एकेक करून तोलली, म्हणजे पुढचे काही दिवस आमच्या अनारशांना मशीनच्या तेलाचा मंद वास होता. पण काम देखणं झालं होतं, ते मी नाकारणार नाही. सगळी एकासारखी एक, कडा गोल, अंग आरशासारखं. त्यांच्याकडे पाहताना यांचा चेहरा कितीतरी दिवसांनी शॉपमधून घरी आल्यासारखा दिसत होता.

मग ती बसवून गाडी भुशावर चढवली. जावई पुढे, हे मागे त्याच्या कमरेला धरून. गिरणीचे सगळे हमाल काम सोडून जमा झाले. "ओ भैया, ये कौनसी फटफटी है?" गाडी खालून सुटली आणि धापा न टाकता, एका दमात ढिगाच्या टोकावर गेली. मागे भुशाचा असा लोट उठला की मी दोन दिवस केसांतून टरफलं वेचत होते. वरून हे मला ओरडून म्हणाले, "पाहिलं?" मी डोळ्यांतला भुसा काढत होते, त्यामुळे पाहिलं नव्हतं, पण हो म्हटलं.

वाणाच्या दिवशी यांनी अनारशांच्या ताटात, दिव्याच्या शेजारी, ती वजनं ठेवली. क्लचमधून पुन्हा काढून, पुसून, लाल कपड्यात बांधून. मी म्हटलं, "हे काय? चांदीच्या दिव्याशेजारी लोखंड?"

"चांदीनं गाडी चढते का?"

जावयाने वाण दोन्ही हातांनी घेऊन डोक्याला लावलं. आमच्याकडच्या रीतीभाती त्याला नवीन, म्हणून मी त्याला समजावलं की हे वाण आहे बेटा, हे परत करायचं नसतं आणि बदलायचंही नसतं. त्याने फार गंभीरपणे मान हलवली. मी हे चांदीच्या दिव्याबद्दल बोलत होते.

जावई आणि गाडी परत गेली. हिवाळा आला. डोंगरात पहिला मोठा बर्फ पडला आणि दुसऱ्याच दिवशी व्हिडिओ आला. तीच खोल, मऊ, ताजी बर्फाची चढण आणि तीवर जावयाची गाडी धडाधडा वर जातेय. यांनी तो मला दाखवला, दूधवाल्याला दाखवला, आणि मग सदरला घेऊन गेले. तिथे फॅक्टरीतल्या रिटायर मंडळींची रोज संध्याकाळी कॉफीवर बैठक असते. सगळ्यांच्या डोक्यावर टोप्या आणि सगळ्यांचे मुलगे परदेशात. तिथे कधी नाही ते यांचा शब्द शेवटचा झाला. दोघा-तिघांनी म्हणे विचारलं, हमारी गाडी भी देख लो. यांचा फोन पुन्हा वाजायला लागला. हे जेवणावरून उठायला लागले आणि मला चक्क बरं वाटलं.

त्याच आठवड्यात मुलीचा मला एकटीला फोन आला.

"आई, बाबा आहेत का तिथे?"

"नाही. सदरला आहेत, भाषण द्यायला गेले."

"मग ऐक. बाबांना सांगू नको. ती वजनं चालत नाहीत."

"काहून चालत नाहीत? व्हिडिओत तर चढली की."

"ती जुनी वजनं लावून चढली ना, आई. बाबांची लावली की गाडी पहिल्याच चढाईवर बसते. खो-खो करते अन् बंद. इकडे हवाच कमी आहे, इंजिनला दम पुरत नाही. वरून खोल बर्फ. एवढी जड वजनं इंजिनलाच दाबून टाकतात. इंजिन ओरडायलाच पाहिजे असते, असं हा म्हणतो. पिछली बार ती रुतली होती ते बर्फच तसा होता म्हणून."

"मग बाबांची वजनं कुठे आहेत?"

"देवाजवळ."

"काय?"

"तूच बोलली ना, वाण बदलायचं नसतं म्हणून. हा म्हणाला, लावता तर येत नाही, मग मान से रखना चाहिए. रोज अगरबत्ती लावतो त्यांना."

मला हसू आवरेना आणि रडूही यायला लागलं, दोन्ही एकदमच. ज्या जावयाने सासऱ्याचं लोखंड देवघरात ठेवलं, त्याला मी काय बोलणार होते? आणि ज्या नवऱ्याचा फोन आत्ता कुठे वाजायला लागला होता, त्याला तरी काय सांगणार होते? त्याच्या हातात उरलेली ती एक गोष्ट होती. क्लच. ती पण चुकली, असं कुणी सांगितलं असतं तर तो माणूस तोंडाने काही बोलला नसता, फक्त फोनचा आवाज बारीक करून टाकला असता. मी ठरवलं, गप्प बसायचं. आयुष्यात मी इतकी गप्प कधीच बसले नव्हते.

हिवाळाभर व्हिडिओ येत राहिले. हे सदरला जात राहिले. भुशाच्या ढिगाची गोष्ट दर आठवड्याला एक मजला चढत होती.

मग उन्हाळ्यात मुलगी-जावई यायचं ठरलं आणि यांनी फोनवर फर्मान काढलं. "क्लच खोलके साथ में लाओ। एक सीज़न चला है, सर्व्हिस करेंगे।"

त्या दिवसापासून माय-लेकींची खलबतं सुरू झाली. मी म्हटलं, यांची वजनं क्लचमध्ये बसवून आणा, म्हणजे झालं. मुलगी म्हणाली, ते बाबांना नवीकोरी दिसतील. मी म्हटलं, मग थोडी मळवा. मुलगी म्हणाली, काळजी नको करू, हा करून राहिला काहीतरी. काय करून राहिला ते मी विचारलं नाही. माहिती जितकी कमी, तितकं खोटं बोलायला सोपं जातं.

दोघं आले. जावयाच्या पाठीवरच्या पिशवीत, माझ्यासाठी आणलेल्या शालीत गुंडाळलेला क्लच. शालीला ग्रीसचा डाग पडला होता आणि तो बिचारा माफी मागत होता. मी म्हटलं, राहू दे बेटा, या घरात अनारशांनासुद्धा तेलाचा वास असतो.

दुपारी जेवणं झाली. यांनी टेबलावर वर्तमानपत्रं पसरली, पाने मांडले, चष्मा पुसला. मुलगी उगाच भांडी आवरायला लागली, जी ती माहेरी कधीच आवरत नाही. जावई टेबलाच्या दुसऱ्या बाजूला हात मागे बांधून उभा. मी मध्ये खुर्ची टाकून वाटाणे सोलायला बसले. वाटाण्याचा हंगाम कधीच संपला होता, पण माझ्या हातांना काहीतरी पाहिजे होतं, आणि फ्रिजमध्ये शेवटचे सुरकुतलेले मूठभर उरले होते.

"सीज़न में कोई दिक्कत?" यांनी विचारलं.

"नहीं पापाजी। एकदम बढ़िया।"

"चढाई पे?"

"मक्खन।"

यांनी क्लच उघडला. स्प्रिंग बाहेर काढून बाजूला ठेवली. मग एक वजन काढलं, फडक्याने पुसलं आणि खिडकीकडे धरलं. काळपट होतं. पोटाकडच्या गोल भागावर घासल्याच्या बारीक रेघा होत्या. मी मनातल्या मनात जावयाला शाबासकी दिली. अगदी वर्षभर राबल्यासारखं दिसत होतं.

हे ते वजन धरून तसेच उभे राहिले. मग दुसरं काढलं. तिसरं. प्रत्येक पुसायचे, उजेडात धरायचे, अंगठ्याने रेघांवरून हळूच फिरवायचे. काही बोलेनात. हा माणूस काम बिघडलेलं असलं की बोलतो, ओरडतो, पाने आपटतो. गप्प राहणारा नवरा मी फारसा पाहिलेलाच नव्हता.

शेवटचं वजन ठेवून ते खुर्चीत बसले. चष्मा काढला. अचानक मला ते म्हातारे दिसले. आम्ही दोघं एकाच वयाचे, पण त्या क्षणी ते माझ्यापेक्षा कितीतरी मोठे वाटले. वाटलं, उठावं आणि काहीतरी बोलावं, चहाचं विचारावं. पण मी वाटाणेच सोलत राहिले.

मग त्यांनी जावयाला विचारलं, "ऊपर हवा कितनी पतली है? चलने में साँस फूलती है?"

"नए आदमी की फूलती है, पापाजी।"

"और इंजन की?"

जावयाने टेबलावरची स्प्रिंग उचलून पुन्हा तिथेच ठेवली.

"इंजन की भी फूलेगी," हेच म्हणाले. "मैंने बरगी की हवा में देखा। नीचे की हवा में। ऊँचाई का सोचा ही नहीं।" मग जरा थांबून, टेबलाकडे बघत, "गलती मेरी थी।"

माझ्या हातातून वाटाण्याची शेंग पडली. एवढ्या वर्षांच्या संसारात हे वाक्य मी कुठल्याच भाषेत त्यांच्या तोंडून ऐकलेलं नव्हतं.

जावई घाईघाईने म्हणाला, "नहीं नहीं पापाजी, वज़न तो सही थे। इस साल बर्फ ही खराब थी।"

स्वयंपाकघरात मुलीच्या हातून ताट आपटलं. आत्ताच मक्खन म्हणालेला हा मुलगा. खोटं बोलण्यात आमचा जावई अगदीच कच्चा आहे.

हे त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी एक वजन उचलून मला दिलं, जणू मला त्यातलं काही कळतं. आणि मराठीत, त्याच्यासमोरच, पण तो तिथे नसल्यासारखं, हळूच म्हणाले, "हे पाह्य. क्लचमध्ये यावरून रोलर लांबीवर फिरतो, घासल्याची रेघ उभी पडते. या आडव्या आहेत. रेजमाल कागद घासलाय यावर. बसून बसून, सगळ्यांवर, एकसारखा."

वजन माझ्या तळहातावर गार लागत होतं.

"एक दिवस पण चालवली नाहीत त्यानं. अन् मला वाईट वाटू नये म्हणून घासत बसला." त्यांनी वजन माझ्या हातातून परत घेतलं. "माझ्या शॉपमध्ये कुणी माझ्यासाठी एवढं केलं नाही."

मग ते उठले. स्वयंपाकघरातला काटा घेऊन आले, माझ्या परवानगीशिवाय, नेहमीप्रमाणे. छोटा ग्राइंडर ओसरीवर नेऊन ठेवला. जावयाला म्हणाले, "चलो। पुराना वाला वज़न बताओ कितना था, पीछे से काटते हैं। हलका करते हैं।" वजनं कागदात गोळा करता करता, तसेच पाठमोरे, मला पुन्हा मराठीत म्हणाले, "त्याला सांगू नको हां, मला रेजमालचं समजलं म्हणून. एवढी मेहनत केली पोरानं. त्याला वाटू दे, मला ते कळलं नाही."

मी जावयाकडे पाहिलं. तो खाली वाकून, पडलेली एक वायसर शोधत होता, जी पडलेलीच नव्हती. त्याचे कान लाल झाले होते. तो तसाच वाकलेला राहिला, हे ओसरीवर पोहोचेपर्यंत. मग उठला, डोळे बाहीला पुसले आणि "आया पापाजी" म्हणत त्यांच्यामागे गेला. आमच्या मुलीने त्याला घरचं सगळं मराठी कधीच शिकवून ठेवलंय, हे यांना अजून कुणी सांगितलेलं नाही.